सरळ ठेवलेली प्लेट

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी सकाळी विभागप्रमुखांनी मला त्यांच्या खोलीत बोलावले आणि प्रकल्पाचा निष्कर्ष ‘नकारात्मक’ असा लिहून महिनाअखेर सादर करायला सांगितले. मी नाही म्हणाले. दार उघडे होते. प्रॅक्टिकलसाठी बाहेर थांबलेल्या मुलींनी त्यांचे सांगणे ऐकले आणि माझे उत्तरही.

मी तेव्हा चाळिशी ओलांडलेली होते. नाशिकच्या एका दैनिकात बरीच वर्षे उपसंपादक म्हणून काम केले होते. पुढे आमच्या आवृत्तीची पाने दुसऱ्या शहरात तयार होऊ लागली आणि डेस्कवरच्या सगळ्यांना घरी पाठवण्यात आले. माझी पदवी सूक्ष्मजीवशास्त्राची होती. ज्या महाविद्यालयातून ती घेतली होती, तिथेच मी एम.एस्सी.ला प्रवेश घेतला. वर्गातल्या मुली मला ताई म्हणत.

विभागप्रमुख माझ्याच बी.एस्सी.च्या बॅचच्या होत्या. आम्ही एका टेबलावर प्रॅक्टिकल केले होते, एका बर्नरवर. आता विभागात मी त्यांना मॅडम म्हणत असे आणि त्या मला ‘तुम्ही’ म्हणत. फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर मात्र आम्ही एकमेकींना ‘अगं-तुगं’ करत असू. हे आम्ही कधी ठरवले नव्हते. फाटक ओलांडले की होत असे.

माझ्या मार्गदर्शकही त्याच होत्या. त्यांची सही नसेल तर प्रबंध स्वीकारला जात नाही, प्रबंध नसेल तर तोंडी परीक्षा नाही, आणि वर्ष जाते. माझे वर्ष गेले असते तर मी पुन्हा आले नसते. हे मला ठाऊक होते आणि त्यांनाही.

प्रकल्प असा होता. ई. कोलाय या जिवाणूला बारीक शेपट्या असतात. त्या एका दिशेने फिरल्या की जिवाणू सरळ पोहतो, उलट दिशेने फिरल्या की जागच्या जागी कोलांटी घेतो. थोडे पोहणे, एक कोलांटी, पुन्हा पोहणे, अशा पद्धतीने तो अन्नाकडे सरकतो. त्याच्यातले एक विशिष्ट प्रथिन काढून टाकले तर तो नुसत्या कोलांट्या घेत राहतो. कुठेच पोहोचत नाही. पुण्यातल्या एका संशोधकाकडे असा जिवाणू होता. त्यात ते प्रथिन परत बसवले होते, पण कुलूप लावून. कुलूप उघडते थिओफिलिन या औषधाने. औषध आसपास असेल तर प्रथिन तयार होते आणि जिवाणू पोहू लागतो. नसेल तर कोलांट्या.

हे परदेशात आधी झालेले होते. मी नवे काही शोधत नव्हते. आमच्या प्रयोगशाळेत, आमच्या साधनांनी ते होते का, एवढेच मला पाहायचे होते. महाविद्यालयाच्या जैवसुरक्षा समितीने परवानगी दिली, एका अटीवर: हे जिवाणू प्रयोगशाळेच्या दाराबाहेर न्यायचे नाहीत.

थिओफिलिन दम्याच्या गोळीत असते. नाशिक रोडला माझ्याजवळ राहणारी आई ती गोळी वर्षानुवर्षे घेते. मी तिला प्रकल्प समजावून सांगितला तेव्हा ती ओट्याशी मेथी निवडत होती.

“म्हणजे माझ्या गोळीमागं जंतू धावणार?”

“साधारण तसंच.”

“आणि मी गोळी घेतली की?”

“मग तुझ्यामागं धावतील.”

“धावू देत,” ती म्हणाली. “तुझ्या बापापेक्षा तरी वेळेवर येतील.”

जिवाणू पोहतात हे मी मायक्रोस्कोपखाली पाहिले होते. काचेवर औषधाचा थेंब नसताना ते थरथरत, गिरक्या घेत जागीच राहत. औषध घातले की थोड्या वेळाने काही जण सुसाट निघत. मी हे पुन्हा पुन्हा पाहिले. विभागप्रमुखांचे म्हणणे असे की काचेखाली पाणी वाहत असते आणि त्याबरोबर सगळेच वाहतात. त्यांचे म्हणणे चूक नव्हते. बातमीला एक साक्षीदार पुरत नाही, दुसरा लागतो. दुसरा साक्षीदार म्हणजे प्लेट, जिवाणू वाढवायची झाकणाची पारदर्शक चपटी बशी.

या कामाला प्लेट वेगळी लागते. नेहमीच्या प्लेटमध्ये अगर, म्हणजे जिवाणूंचे अन्न मिसळून गोठवलेली जेली, घट्ट असते, वडीसारखे. जिवाणू त्याच्या पृष्ठभागावर वाढतात, आत शिरत नाहीत. पोहणे पाहायचे असेल तर अगर अगदी कमी घालावे लागते. ते धड गोठत नाही, पातळ दह्यासारखे डुलते. मध्यभागी जिवाणूंचा थेंब सोडायचा. पोहणारे असतील तर त्या थेंबाभोवती पांढुरके वर्तुळ उमटते आणि हळूहळू मोठे होते. पोहत नसतील तर ठिपका ठिपकाच राहतो.

माझ्या प्लेटमध्ये वर्तुळही येत नव्हते आणि ठिपकाही. संध्याकाळी नीट ठेवलेल्या प्लेटमध्ये सकाळी नुसता गढूळ ओघळ दिसे. सगळे अगर एका अंगाला सरकलेले, मधला थेंब कुठे होता ते सांगता येऊ नये असे. मला वाटले अगर फारच पातळ झाले. थोडे वाढवले. मग ते सरकेना, पण आतले जिवाणूही हलेनात. कमी केले की ओघळ, वाढवले की ठिपका. पुण्याहून जिवाणू पुन्हा मागवले. वर्तुळाच्या कडेचे जिवाणू उचलून पुढच्या प्लेटला लावायचे असतात, कारण कडेला पोहोचलेले तेच चांगले पोहणारे. पण कडच नव्हती तर उचलायचे कुठून.

ठिपका राहिलेली प्लेट विभागप्रमुखांनी उजेडात धरून पाहिली. “बघा. हलतच नाहीत.”

“ह्यात अगर जास्त आहे, मॅडम.”

“कमी घातलं की काय होतं?”

“ओघळतं.”

“मग?”

त्या सोमवारी मला नकारात्मक लिहायला सांगितले गेले ते यामुळे. त्यांच्या जागी मी असते तर मीही कदाचित तेच सांगितले असते. पण मी त्यांच्या जागी नव्हते आणि काचेखाली जिवाणूंना पोहताना मी पाहिले होते. न पाहिलेले छापणे जितके चूक, तितकेच पाहिलेले दडपणेही.

त्याच दिवशी फाटकाबाहेर टपरीवर ती म्हणाली, “अगं, नकारात्मक म्हणजे नापास नव्हे. निम्मे प्रबंध तसेच असतात. लिही आणि मोकळी हो.”

“पोहत नाहीत असं लिहू?”

“पोहताना दिसले नाहीत असं लिही.”

“दिसलेत ना पण.”

“तुझा हट्ट तेव्हापण असाच होता,” ती म्हणाली. “सरांनी प्लेट फेकून दिली तर दुसरी लावायचीस, पण सॉरी म्हणायची नाहीस.”

त्या सरांविषयी इथे सांगणे भाग आहे. आम्हा दोघींना सूक्ष्मजीवशास्त्र त्यांनी शिकवले. आता ते हयात नाहीत. पहिल्याच प्रॅक्टिकलला ते सगळ्या वर्गाकडून मोठ्याने म्हणवून घेत: “प्लेट पालथी, नाव बुडावर.” कारण साधे आहे. उबेत ठेवलेल्या प्लेटच्या झाकणाला आतून पाणी सुटते. प्लेट सरळ असेल तर ते थेंब खाली वाढीवर पडतात आणि सगळे एकमेकांत मिसळते. म्हणून प्लेट पालथी ठेवायची. आणि झाकणे बदलली जाऊ शकतात, म्हणून नाव झाकणावर लिहायचे नाही, बुडावर लिहायचे. सर संध्याकाळी फेरी मारत. सरळ प्लेट दिसली की पालथी करत. झाकणावर नाव दिसले की प्लेट बादलीत. नाशिकमध्ये या विषयात जे कोणी आज शिकवते, त्यातल्या बऱ्याच जणांच्या हातांना त्यांनीच वळण लावले आहे.

पातळ अगरची प्लेट पालथी करायची नसते. ती पालथी केली की अगर झाकणावर येते. म्हणून ती सरळ ठेवायची, आणि सरळ राहणार असल्याने नाव झाकणावर लिहायचे. मी तसेच करत होते.

बुधवारी संध्याकाळी घरी निघाले आणि फाटकापाशी आल्यावर लक्षात आले की गाडीची किल्ली टेबलावर राहिली. परत गेले. प्रयोगशाळेत विभागप्रमुख एकट्याच होत्या, फोन कानाला लावून. परीक्षेच्या पर्यवेक्षणाला कोणाला कधी लावायचे यावर बोलणे चालले होते. बोलता बोलता त्यांनी जुना इन्क्युबेटर, प्लेट उबेत ठेवायचे कपाट, उघडला, आतली तापमापी पाहिली आणि मोकळ्या हाताने माझ्या प्लेट एकेक करून पालथ्या केल्या. त्यांचे तिकडे लक्षही नव्हते. भिंतीवरची तिरकी तसबीर जाता-येता सरळ करावी, तसे. मग दार लावले आणि म्हणाल्या, “नाही नाही, त्यांना सकाळची ड्यूटी देऊ नका.”

सकाळी प्रयोगशाळा उघडणारे परिचर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, आल्या आल्या सगळ्यांच्या प्लेट बाहेर काढून ज्याच्या त्याच्या टेबलावर ठेवत. त्यांची रीत अशी की नाव वर दिसले पाहिजे. इतरांची नावे बुडावर, म्हणून इतरांच्या प्लेट पालथ्याच राहत. माझी झाकणावर, म्हणून माझ्या सरळ होऊन येत. रात्रभर पालथ्या राहिलेल्या प्लेट मी आजवर रोज सकाळी सरळ ठेवलेल्या पाहत आले होते.

मी फोन संपेपर्यंत थांबले.

“मॅडम, माझ्या प्लेट तुम्ही पालथ्या केल्यात.”

“हो. सरळ होत्या.”

“त्या सरळच ठेवायच्या असतात. पातळ अगर आहे.”

त्यांनी माझ्याकडे पाहिले. “पाणी पडतं वरून.”

“पडू द्या. पालथी केली की अगरच पडतं.”

“आणि नाव झाकणावर?”

“सरळ राहणार म्हणून झाकणावर.”

“प्लेट कशी ठेवायची ते आता तुम्ही मला शिकवणार?” त्या म्हणाल्या. “एकीची सरळ राहिली की उद्या सगळ्या सरळ ठेवतील. बीएस्सीची मुलं येतात इथं, त्यांना हे दिसलं की झालं. सर असते तर—”

“सर असते तर त्यांनी बादलीत टाकल्या असत्या. मी परत लावल्या असत्या.”

त्यांनी दिवे मालवले. मला किल्ली अंधारात शोधावी लागली.

गुरुवारी सकाळी मी पुन्हा सगळे केले. तीन प्रकारच्या प्लेट. पहिल्यात कुलूपवाले जिवाणू आणि अगरमध्ये सर्वत्र सारखे मिसळलेले औषध. दुसऱ्यात तेच जिवाणू, औषध नाही. तिसऱ्यात कुलूप नसलेले, नेहमी पोहणारे जिवाणू, अगर ठीक आहे की नाही हे कळण्यासाठी. प्लेट इन्क्युबेटरमध्ये सरळ ठेवल्या, झाकणावर नावे टाकली. मग एक स्टूल ओढले आणि इन्क्युबेटरच्या दारासमोर टाकून बसले.

माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणारी मुलगी चांदवडची. तिच्या घरच्या कांद्याच्या वावरातल्या मातीतले जिवाणू वेगळे करण्याचा तिचा प्रकल्प होता आणि तिच्याही प्लेट याच इन्क्युबेटरमध्ये असत. आत येऊन तिने मला पाहिले, माझ्या मांडीवरचा डबा पाहिला.

“ताई, उपोषण हाय का?”

“डबा आणलाय की.”

“मग आंदोलन. घोषणा देऊ का?”

“द्या. पाय आपटू नका फक्त, प्लेट हलतात.”

तिने मूठ वर करून, अजिबात आवाज न करता, घोषणा दिल्यासारखे तोंड हलवले. मागच्या दोघी हसल्या. मामा स्टूलच्या मागून फरशी पुसायला आले आणि पुसता पुसता थांबले.

“ताई, मॅडमशी वाकडं घेऊन कुणाचं भलं झालं नाय.”

“वाकडं कुठं, मामा. सरळच तर ठेवायचंय.”

“मागं एकीनं घेतलं होतं. लय हुशार पोरगी. ती आता बी.एड. करती.”

“वाईट काय आहे त्यात?”

“वाईट नाय,” मामा म्हणाले. “पण तिला करायचं नव्हतं.”

चांदवडच्या मुलीला तिच्या प्लेट हव्या झाल्या की मी उठे, ती काढून घेई, मी परत बसे. दुपारच्या सुट्टीत बी.एस्सी.ची मुले दारातून डोकावून गेली. कोणीतरी विचारले, “ह्या कोण?” आणि कोणीतरी सांगितले, “नवीन वॉचमन.” प्रयोगशाळेत खायचे नसते, म्हणून मी डबा दाराबाहेरच्या कट्ट्यावर खाल्ला, प्रयोगशाळेचे दार उघडे ठेवून इन्क्युबेटरवर नजर ठेवली आणि आमटी-भात संपवून परत आत आले. दर थोड्या वेळाने इन्क्युबेटरचे दार उघडून पाहण्याची इच्छा होत होती. उघडले की ऊब जाते. उघडले नाही.

संध्याकाळच्या फेरीला विभागप्रमुख आल्या तेव्हा मुली आवरत होत्या. कोणी निघाले नाही.

“उठा,” त्या म्हणाल्या.

“प्लेट सरळ राहणार असतील तर उठते, मॅडम.”

“मी विभागप्रमुख आहे.”

“हो, मॅडम.”

“मग?”

“मग बसते.”

चांदवडच्या मुलीच्या हातातून पिपेटचा डबा खाली पडला. ती “सॉरी, सॉरी” म्हणत टेबलाखाली गेली आणि बराच वेळ तिथेच राहिली.

विभागप्रमुख म्हणाल्या, “निदान दाखवा तरी.”

मी उठले, स्टूल बाजूला केले आणि दार उघडले. पहिली प्लेट दोन्ही हातांनी, ताट भरून आणावे तशी, बाहेर काढली आणि दिव्याखाली धरली. मधल्या थेंबाभोवती एक वर्तुळ होते, कडेला दाट, आत विरळ. दुसऱ्या प्लेटमध्ये ठिपका होता, जिथे सोडला होता तिथेच. तिसऱ्यात पहिल्याहून मोठे वर्तुळ.

त्या वाकून बघत राहिल्या. चष्मा काढला, पुन्हा घातला.

“औषधाशिवायची हीच?”

“हीच.”

“जिवाणू तेच? एकाच नळीतले?”

“एकाच नळीतले.”

पहिली प्लेट त्यांनी माझ्या हातातून घेतली, जराही तिरकी न करता, आणि जागेवर ठेवली. मग चांदवडच्या मुलीच्या प्लेटकडे बोट केले. “ह्या तरी पालथ्याच ना?”

“त्या पालथ्याच, मॅडम,” टेबलाखालून आवाज आला.

टपरीवर मॅडमची पुन्हा ‘ती’ झाली; तिने दोन कटिंग सांगितले.

“तू आधी सांगायचं होतंस.”

“पहिल्या दिवशी प्रोटोकॉल दिला होता. त्यात लिहिलंय.”

“प्रोटोकॉल कोण वाचतं. प्लेटवर कागद चिकटवायचास.”

“चिकटवला असता तर पालथी केली नसतीस?”

तिने विचार केला. “केली असती,” ती म्हणाली.

शुक्रवारी मी पुढची प्लेट लावली. हिच्यात औषध अगरमध्ये मिसळले नव्हते. मध्यापासून एका बाजूच्या कडेपर्यंत एका रेषेत औषधाचे थेंब सोडले आणि मुरू दिले. मग मध्यभागी जिवाणू सोडले. औषधाची फक्त एक वाट. बाकी सगळीकडे नुसते अन्न. याला रात्र लागणार होती. रात्री प्रयोगशाळा बंद असते आणि मला तिथे थांबता येत नव्हते.

शनिवारी सकाळी मामा कुलूप उघडण्याच्या वेळेला मी दारात होते. कुलूप आधीच उघडलेले होते. विभागप्रमुख आत, इन्क्युबेटरपासून चार हात लांब, हाताची घडी घालून उभ्या होत्या.

“मी हात लावलेला नाही,” त्या म्हणाल्या.

प्लेटमध्ये वर्तुळ नव्हते. मध्यापासून औषधाच्या बाजूला एक पांढुरका पट्टा निघाला होता, जिभेसारखा, टोकाला थोडा रुंद. दुसऱ्या बाजूंना काही नव्हते. मामांनी मान वाकडी करून पाहिले आणि म्हणाले, “बरोबर वाटंनं गेल्यात की.” विभागप्रमुखांनी मोबाइलवर फोटो काढले, वरून, खालून, काळ्या कागदावर ठेवून. दुपारपर्यंत फोटो महाविद्यालयाच्या ग्रुपवर होता. खाली लिहिले होते: आमच्या विभागातील जिवाणू औषधाचा माग काढतात. प्राचार्यांनी टाळ्यांची चित्रे पाठवली.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती लिहिली नसती.

सोमवारी त्यांनी मला खोलीत बोलावले. दार या वेळी बंद केले. प्रबंधाचे शीर्षक इंग्रजीत असते. मी दिलेल्या शीर्षकाचा मराठीत अर्थ ‘थिओफिलिन असताना आणि नसताना ई. कोलायची हालचाल’ असा होता. त्यांनी ते खोडून पेन्सिलीने दुसरे लिहिले होते. त्याचा अर्थ ‘थिओफिलिनचा शोध घेणारे ई. कोलाय’.

“हे नाही चालणार, मॅडम.”

“का? डोळ्यांनी पाहिलं ना आपण?”

“ते औषधाकडे जात नाहीत.”

“वाटेवरून गेले की नाही?”

“गेले. पण त्यांना औषधाचा वास लागत नाही. औषध असतं तिथं त्यांना पोहता येतं. पोहतात ते अन्नाकडेच.”

“काय फरक पडतो?”

“पहिल्या प्लेटमध्ये औषध सगळीकडे सारखंच होतं. तरी ते मधून बाहेर गेले. कशाकडे गेले?”

त्या खुर्चीत मागे टेकल्या. हा प्रश्न त्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला शिकवतात. मधले अन्न संपते, बाहेर जास्त असते, म्हणून जिवाणू बाहेर सरकतात.

“पुढच्या महिन्यात तपासणी समिती येतीय,” त्या म्हणाल्या. “विभागाला दाखवायला काहीतरी हवं. तू पेपरात होतीस ना? मथळा कसा द्यावा ते तुला कळत नाही?”

बंद दाराआड त्यांनी मला तू म्हटले होते. विभागात हे पहिल्यांदाच.

“कळतं,” मी म्हणाले. “मजकुरात नसलेलं मथळ्यात द्यायचं नाही.”

“मी सही केली नाही तर?”

“तर वर्ष जाईल.”

“जाऊ देशील?”

“हो.”

“नकारात्मक लिही म्हटलं तर लिहीत नाहीस. मोठं लिही म्हटलं तरी लिहीत नाहीस. तुला लिहायचंय तरी काय?”

“झालं तेवढं.”

बाहेर तासाची घंटा झाली आणि मुलींच्या चपलांचा आवाज जिन्यावरून खाली गेला. मग त्यांनी खोडरबर काढले आणि पेन्सिलीचे शीर्षक पुसले. त्याखाली माझे खोडलेले शीर्षक शाईच्या रेघेखाली वाचता येत होते.

“स्वच्छ टाइप करून आणा,” त्या म्हणाल्या. “सही करते. पण परीक्षकांनी विचारलं की ह्यात नवीन काय, तर मी तोंड उघडणार नाही.”

“नका उघडू, मॅडम.”

महिनाअखेरीला प्रबंध सादर झाला. ग्रुपवरचा फोटो काढावा, किमान खालचे वाक्य बदलावे, असे मी त्यांना लेखी कळवले. वाक्य बदलले गेले नाही.

तोंडी परीक्षा एप्रिलमध्ये झाली. बाहेरचे परीक्षक दुसऱ्या शहरातून आले होते. त्यांनी प्रबंध चाळला, पट्ट्याच्या फोटोपाशी थांबले आणि म्हणाले, “वा, म्हणजे हे औषधाचा माग काढतात.”

“नाही, सर.”

“फोटोत तर काढतायत.”

विभागप्रमुखांना सांगितले होते तेच मी त्यांना सांगितले. त्यांनी पट्ट्याच्या आणि वर्तुळाच्या अशा दोन्ही प्लेटचे फोटो शेजारी शेजारी ठेवून पाहिले.

“मग वर्षभर तुम्ही केलंत काय?”

“औषध असेल तिथेच हे जिवाणू पोहतात, हे या प्रयोगशाळेत दाखवलं.”

“हे बाहेर कधीच झालंय.”

“हो, सर. संदर्भ दिलाय.”

“आणि जिवाणूही दुसऱ्याने बनवलेले.”

“हो. तेही लिहिलंय.”

“मग तुमचं ह्यात काय?”

“अगर,” मी म्हणाले. “अगर किती घालायचं आणि प्लेट कशी ठेवायची. त्या प्रकरणात चुकलेल्या सगळ्या प्लेटचे फोटो आहेत, का चुकल्या तेही आहे. पुढच्या मुलीला इथपर्यंत यायला वर्ष लागणार नाही.”

त्यांनी ते प्रकरण उघडले. ओघळलेल्या प्लेटच्या फोटोंखाली कारण लिहिलेले होते: संध्याकाळच्या फेरीत प्लेट पालथ्या केल्या गेल्या. कोणी केल्या ते लिहिलेले नव्हते. परीक्षकांनी विभागप्रमुखांकडे पाहिले. “मॅडम, तुम्हाला काही विचारायचंय?”

“नाही,” विभागप्रमुख म्हणाल्या.

निकाल जूनमध्ये लागला. प्रकल्पाच्या गुणांत मी वर्गात शेवटची होते. मी उत्तीर्ण झाले. प्रबंधाची प्रत विभागाच्या कपाटात आहे. शीर्षक मी दिलेले आहे, सही विभागप्रमुखांची आहे.